बर्फ छान आहे

अकराव्या थापेला बर्फाचा खांब सरकला. वरचा हातभर जाडीचा थर पावाच्या कापासारखा अलगद सुटला, पुढे आला आणि खड्ड्यात गुडघे टेकून बसलेल्या नायरी पुलरच्या मांडीवर पडला.

थर एकमेकांना धरून आहेत का ते बघायला तिने तो खड्ड्याच्या भिंतीतून कापला होता आणि त्यावर फावडं ठेवून थापा मारत होती. मनगटातून मारलेल्या दहा थापा त्या खांबाने सोसल्या होत्या. कोपरातून मारलेली पहिलीच त्याला पुरली. नायरीने हातमोजा काढून तुटलेल्या जागी बोट फिरवलं. तिथे साखरेसारखे सुटे, कोरडे दाणे होते. महिन्यापूर्वी, दक्षिण गोलार्धातल्या जुलैच्या निरभ्र, कडक थंडीत ते तयार झाले होते, आणि दोन दिवसांच्या वायव्येच्या वाऱ्याने त्यांच्यावर घट्ट, जड बर्फ आणून रचला होता. रचलेला बर्फ वरून दिसायला सुरेख होता. नवीन चादर अंथरल्यासारखा.

"अकरा," ती म्हणाली. "गुळगुळीत तुटला. लिही."

अॅलिस्टर लिहीत होता. तो डोंगरापलीकडच्या स्कीच्या मैदानावर गस्त घालायचा, आणि बुधवारी नायरीबरोबर टिनहटच्या दांड्यावर यायचा, कारण या कामाला एकट्याने जायचं नाही असा नियम होता. त्याने पेन्सिलीने समोरच्या डोंगराकडे दाखवलं. तिथल्या उतारावर रात्रीतून बर्फाचे दोन लोट सुटले होते. त्यांच्या तुटलेल्या कडा इथूनही दिसत होत्या. शिवाय वर येताना दोनदा पायाखालचा बर्फ धप्प आवाज करून खाली बसला होता. नायरीला याहून जास्त काही बघायचं नव्हतं. टिनहटचं बेसिन, दांड्याखालचा खोलगट उतार, त्यांच्या डाव्या हाताला वाडग्यासारखं पसरलं होतं, स्कीची एकही रेघ नसलेलं. त्याच्याकडे पाठ करून ते दोघं आल्या वाटेने दांड्यावरूनच निघाले. अर्ध्यावर अॅलिस्टर आपल्या मैदानाकडे वळला आणि नायरी एकटी खाली, रस्ता संपतो तिथल्या गाडीतळाकडे गेली.

छप्पन्न वर्षांच्या नायरीचा खरा धंदा स्टोनीफर्डच्या शाळेची बस चालवणं हा होता. बावीस वर्षं ती बस चालवत होती. मुलं तिला मिसेस पी म्हणत. तीच मुलं मोठी होऊन मेंढ्या कातरायला लागली, घरं बांधायला लागली तरी मिसेस पीच म्हणत. सकाळी मुलांना शाळेत सोडायचं आणि दुपारी तीनला परत न्यायचं. मधल्या वेळात आठवड्यातून तीनदा ती कोणाला तरी जोडीला घेऊन, घसरू नये म्हणून स्कीच्या तळाला पट्ट्या लावून डोंगर चढायची, खड्डा खणायची, बर्फाचे थर मोजायची, कुठे काय सुटलंय ते बघायची आणि फोन करून कळवायची. त्यावरून संध्याकाळी डोंगरात जाणाऱ्यांसाठी धोक्याचा अंदाज निघायचा. त्या अंदाजात तिचं नाव कधी येत नसे. येण्याची तिला गरजही वाटली नव्हती.

गाडीतळावर ती पोचली तेव्हा पावणेदोन झाले होते. मेरिन टलक आणि डीन हॅलिगन गाडीतून स्की काढत होते. मेरिन वृद्धाश्रमात नर्स होती, अठ्ठावीस वर्षांची. लहानपणी बस लागायची म्हणून नायरी तिला स्वतःमागच्या पहिल्या बाकावर बसवायची. मेरिनची आई नोलीन आणि नायरी एकाच वर्गात होत्या, एकाच संघातून नेटबॉल खेळल्या होत्या. डीन बाहेरचा, दोन वर्षांपूर्वी काँक्रीटच्या कामावर आला आणि मेरिनसाठी राहिला. पुढच्या मार्चमध्ये त्यांचं लग्न होतं.

"बर्फ कसाय, मिसेस पी?" मेरिनने विचारलं.

"बर्फ छान आहे," नायरी म्हणाली. "पण बेसिनमध्ये उतरायचं नाही. खालचा थर पार सुटलाय. दांड्यावरच राहा आणि माझ्या मागावरूनच खाली या."

मेरिनने मान हलवली. डीन हसला. म्हणाला, तुमची बस चुकेल, मिसेस पी. नायरीने घड्याळ पाहिलं. खरंच उशीर होत होता. तिने स्की गाडीत मागे टाकल्या आणि ती निघाली. आरशात तिला ते दोघं दिसले. मेरिन वाकून बूट आवळत होती.

पुढे वर्षभर ती या दोन मिनिटांकडे परत परत जात राहिली. छान आहे असं आपण आधी का म्हटलं. तो खांब कसा मांडीवर येऊन पडला ते का सांगितलं नाही. सांगायला अर्धं मिनिट लागलं असतं.

हेलिकॉप्टर तिने बसमधून पाहिलं. चार वाजले होते, बसमध्ये नऊ मुलं उरली होती. लाल हेलिकॉप्टर नदीवरून दरीच्या वरच्या टोकाकडे गेलं आणि मुलं खिडक्यांना चिकटली. वर आज कोण होतं ते नायरीला ठाऊक होतं. खिशातला फोन थरथरत होता. तिने तो काढला नाही. नऊ मुलं, सहा फाटकं. प्रत्येक फाटकाशी ती थांबली, दार उघडलं, उद्या भेटू म्हणाली, मूल आत जाईपर्यंत बघितलं, दार बंद केलं. शेवटचं मूल उतरल्यावर तिने बस तिथेच वळवली आणि तशीच रिकामी बस घेऊन ती गाडीतळावर गेली.

तोवर मेरिनला खाली आणलं होतं. तिच्यावर चादर होती. डीन पोलिसांच्या गाडीत, दार उघडं ठेवून बसला होता. त्याच्या हातमोज्यांची पुढची टोकं फाटली होती आणि बोटांतून रक्त आलं होतं. आधी तो उतरला होता, तळाशी पोचला होता आणि तिथून त्याने हात वर करून मेरिनला ये म्हणून खूण केली होती. ती मध्यावर आली तेव्हा तिच्या वरचा सबंध उतार तुटला. बर्फाखाली गाडलेलं माणूस शोधायच्या यंत्राने जागा लवकर दाखवली, पण ती पाच फूट खाली होती आणि तो एकटा होता. तिच्या तोंडापर्यंत पोचायला त्याला पंचवीस मिनिटं लागली.

नायरी त्याच्यासमोर उभी राहिली. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि नजर बुटांकडे नेली.

दुसऱ्या दिवशी ती आणि अॅलिस्टर पुन्हा वर गेले. माणूस गेला की तुटलेल्या कडेचं माप घ्यावं लागतं, आणि त्या डोंगराचं माप घेणारी तीच होती. कडेची उंची पंचावन्न सेंटिमीटर. रुंदी ऐंशी मीटर. उतार सदतीस अंश. तळाशी तेच साखरेचे दाणे. बेसिनमध्ये दोन रेघा होत्या. एक खालपर्यंत गेलेली, दुसरी मध्येच संपलेली. तिचा कालचा खड्डा कडेच्या टोकापासून तीस पावलांवर होता. हे सगळं तिने स्वच्छ अक्षरात लिहिलं. कशाने सुटला या रकान्यात लिहिलं, स्की करणारी व्यक्ती.

परत येताना अॅलिस्टरने विचारलं, खाली त्यांची गाठ पडली का. तिने काय झालं ते सांगितलं. तेच तिने पोलिसालाही सांगितलं. पोलिसाने लिहून घेतलं आणि तिच्याकडे न बघता म्हणाला, "डीन वेगळं सांगतोय."

डीन सांगत होता की मिसेस पी नुकत्याच वरून आल्या होत्या, आम्ही विचारलं, त्या म्हणाल्या बर्फ छान आहे.

हे वाक्य दोन दिवसांत गावभर झालं. त्यातला शब्द न् शब्द तिचाच होता, त्यामुळे ते खोडणं अवघड होतं. दुकानात ब्रेड घेताना एकीने विचारलं, "पण तू छान म्हणालीस ना?" नायरी म्हणाली, म्हणाले, पण पुढे म्हणाले की उतरू नका. बाई बरं म्हणाली. ते बरं कसलं होतं ते नायरीला कळलं. आदल्या संध्याकाळच्या अंदाजात धोका लिहिला होता, पण लोक म्हणायचे, ते तर रोजच लिहितात. जी स्वतः जाऊन बघून आली तिनेच छान म्हटल्यावर पोरांनी काय करायचं?

तिचा नवरा मॉरिस कमी बोलायचा. मेंढ्या कातरून त्याची पाठ गेली होती. तो म्हणाला, त्या पोराला धरून चौकात उभा करतो. नायरी म्हणाली, त्याने पंचवीस मिनिटं खणलंय, मॉरिस. तू त्याला हात लावायचा नाहीस.

अंत्यविधी शनिवारी होता. चर्चमध्ये जागा उरली नव्हती. नायरी मागे, कोटांच्या खुंट्यांजवळ उभी राहिली. नोलीन पुढच्या बाकावर ताठ बसली होती, शेजारी डीन. मग डीन बोलायला उठला. बोटांना पट्ट्या होत्या. मेरिनबद्दल तो चांगलं बोलला, लोक रडले. शेवटी त्याने हातातला कागद खाली ठेवला.

"अजून एक सांगायचंय," तो म्हणाला. "नायरी पुलरवर आमचा राग नाही. चूक कोणाच्याही हातून होते. नोलीनने आणि मी तिला माफ केलंय. तुम्हीही करा."

चर्चमधली सगळी डोकी मागे वळली. कोणाच्या डोळ्यांत राग नव्हता. दया होती. पुढे बसलेल्या म्हाताऱ्या पाद्र्यानेही मान डोलावली. नायरीने तोंड उघडलं असतं तर मुलीच्या शवपेटीसमोर, मिळालेली माफी झिडकारणारी बाई म्हणून ती उभी राहिली असती. तिने मान खाली घातली. मान खाली घातली म्हणजे कबूल केलं, हे तिला तेव्हाच कळत होतं. नंतर चहाच्या वेळी तिघीचौघींनी येऊन तिच्या दंडावर हात ठेवला. एकीने तिच्या बशीत सॉसेज रोल ठेवला.

त्यानंतर गावात जे होत राहिलं ते उघड नव्हतं. कोणी तिला नावं ठेवली नाहीत. फक्त दारूच्या गुत्त्यात डोंगराचा विषय निघाला की कोणीतरी विचारायचं, "मिसेस पी छान म्हणाली का? मग आज घरीच बसू," आणि हसणं दाबलं जायचं. मॉरिसने तिथे जाणं सोडलं. जोडीदार म्हणून अॅलिस्टर आधीसारखाच बुधवारी येत राहिला, पण तो त्या दुपारी गाडीतळावर नव्हता. त्याच्या साक्षीला किंमत नव्हती.

तीन आठवड्यांनी नायरी नोलीनच्या शेतावर गेली. मेंढ्या व्यायचे दिवस होते. नोलीन कुंपणाशी गुडघ्यांवर बसून एका मेलेल्या कोकराचं कातडं सोलत होती. शेजारी पाटीत एक पोरकं कोकरू थरथरत होतं, आणि पलीकडे मेलेल्याची आई पाय आपटत ओरडत होती. नोलीनने वर पाहिलं नाही.

"आलीच आहेस तर याला धर," ती म्हणाली.

नायरीने कोकरू उचलून मांडीत घट्ट धरलं. नोलीनने सोललेलं कातडं त्याच्या डोक्यावरून ओढलं, चार भोकांतून चार पाय बाहेर काढले, पोटाखाली सुतळी बांधली. आपल्या पिलाच्या वासावर मेंढी परकं कोकरूही जवळ घेते; दोघींनी हे शाळेत असल्यापासून किती वेळा केलं असेल. बोलावं लागत नव्हतं.

"मी तिला उतरू नको म्हटलं होतं, नोलीन," नायरी म्हणाली. "दोघांसमोर."

नोलीन सुतळीची गाठ आवळत होती.

"ठाऊक आहे," ती म्हणाली.

नायरीला नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. नोलीनने चाकू गवताला पुसला.

"त्याने त्याच संध्याकाळी मला सांगितलं. इथेच, स्वयंपाकघरात. लहान मुलासारखा रडत होता. म्हणाला, त्या नको म्हणाल्या होत्या, मेरिनही नको म्हणत होती, मीच म्हटलं चल, एवढा बर्फ परत मिळायचा नाही."

"मग पोलिसांना ते तसं का सांगितलं?"

"पोलिसांना तो भीतीने बोलला. चर्चमध्ये मी सांगितलं म्हणून बोलला."

कोकरू नायरीच्या हातात वळवळलं. तिने ते सोडलं नाही.

"गावाने त्याला इथे राहू दिलं नसतं," नोलीन म्हणाली. तिचा आवाज हवामानाबद्दल बोलावं तसा होता. "आणि तो गेला तर या घरात कोण आहे? तिचा आवाज त्याच्या फोनमध्ये आहे. ती झोपेत काय बडबडायची ते त्याला ठाऊक आहे, मला नाही. सकाळी तो तिच्या खोलीतून बाहेर येतो तेव्हा दार वाजतं, आणि एक क्षणभर मला बरं वाटतं. तू मला ते देऊ शकतेस का?"

"नाही."

"तुझ्याकडे मॉरिस आहे. बस आहे. तू लहानपणापासून अशीच आहेस, नायरी. दात पडला तरी खेळत राहायचीस. तुला हे सोसेल. त्याला सोसणार नाही आणि मला तर नाहीच नाही."

"आणि मी लोकांना खरं सांगितलं तर?"

नोलीनने पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. "सांग ना. माझ्या मुलीला तू बजावलंस आणि तरी ती त्या पोराच्या नादाने जाऊन मेली, असं घरोघर जाऊन सांग. मी अडवत नाही."

तिने नायरीच्या हातातून कोकरू घेतलं आणि मेंढीच्या पुढ्यात ठेवलं. मेंढी मागे सरली. मग पुढे आली. कातडं शेपटीकडून हुंगलं, पुन्हा हुंगलं, आणि गप्प झाली. कोकरू तिच्या पोटाखाली शिरून ढुश्या देऊ लागलं. नोलीन ते बघत राहिली. डीन दूरच्या वाड्यातून चाऱ्याचा गठ्ठा खांद्यावर घेऊन येत होता. नायरीला पाहून तो जागीच थांबला. नायरी आपल्या गाडीकडे गेली.

घरी मॉरिसने विचारलं, काय म्हणाली. नायरी म्हणाली, कोकरं बरीच मेलीत यंदा. तिने ते त्यालाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो गप्प बसला नसता.

मृत्यूच्या चौकशीचा कागद उन्हाळ्यात आला. त्यात डोंगराचं सगळं बरोबर लिहिलं होतं, तिनेच मोजलेलं. गाडीतळावर काय बोलणं झालं याबद्दल दोघांचे जबाब जुळत नाहीत, एवढं एक वाक्य होतं. ते वाक्य वाचायला कोणी त्या पानापर्यंत गेलं नाही.

मार्च आला आणि गेला. मे महिन्यात डीन गेला. पर्थला खाणीवर काम मिळालं होतं, तिकडे कोणी ओळखीची होती असंही लोक म्हणत. नोलीनने त्याला स्वतः गाडीने विमानतळावर सोडलं. गावाला त्याचं नवल वाटलं नाही. तरुण माणूस किती दिवस थांबणार. उलट एवढे दिवस नोलीनपाशी राहिला म्हणून त्याचं कौतुकच झालं.

जूनमध्ये पहिला बर्फ पडला. सकाळी सात वाजता नायरी बसच्या पुढच्या काचेवरचा बर्फ खरवडत होती तेव्हा नोलीनची गाडी आवारात आली. नोलीन उतरून बसच्या पुढे उभी राहिली. वर्षभरात ती खूप वाळली होती.

"डीन गेला," ती म्हणाली.

"ऐकलं."

"फोन करीन म्हणाला होता. दोनदा केला." नोलीनने कोटाची कॉलर वर केली. "आता तू सांगितलंस तरी चालेल."

"काय?"

"लोकांना. काय झालं ते. मी नाही म्हणणार नाही."

नायरीने खरवडणं थांबवलं नाही. काचेवरून बर्फाच्या कपच्या सुटून तिच्या बाहीवर पडत होते.

"आता कोणी विचारत नाही, नोलीन," ती म्हणाली.

"मग मी सांगते," असं नोलीन म्हणेल का, याची नायरीने वाट पाहिली. हात चालू ठेवून, पण पाहिली. नोलीन म्हणाली, "रस्त्यावर बर्फ गोठलाय, पुलाजवळ जपून," आणि गाडीत बसली. त्या दिवशी, किंवा पुढे कधी, तिने कोणाला काही सांगितल्याचं नायरीच्या कानावर आलं नाही.

साडेसातला नायरीने बस काढली. पुलाजवळ खरंच निसरडं होतं. एकेक फाटक घेत ती दरीतून वर गेली. मुलं नवीन बर्फामुळे मोठ्याने बोलत होती. सहाव्या थांब्याला, कोलमनच्या फाटकाशी, तिने बस उभी केली. कोलमनची दोन्ही मुलं मेरिनच्या अंत्यविधीनंतर, गेल्या सप्टेंबरपासून, बापाच्या गाडीने शाळेला जात होती. पण त्यांची नावं यादीतून काढा असं कोणी कळवलं नव्हतं, आणि नाव आहे तोवर थांबायचं असा नियम होता. तिने दार उघडलं. थंडी आत आली. पुढच्या बाकावरच्या मुलीने टोपी कानांवर ओढली, मागची मुलंही हळूहळू गप्प झाली. फाटकापलीकडे अंगणात कोलमनची गाडी चालू होती, तिच्या मागून धूर निघत होता, आणि आतल्या दोन मुलांनी पुसलेल्या काचेतून बसकडे पाहिलं. नायरीने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून पूर्ण मिनिट जाऊ दिलं. मग दार बंद केलं.